दादाच्या फोनमधली आई

माझ्या आईला आमच्या घराण्याने पसंत केलं ते तिच्या आजारामुळे. हे वाक्य मी मुद्दाम असं उघडंवाघडं लिहिते आहे, कारण त्याच आजाराला आमच्याकडे पंचेचाळीस वर्षं ‘खानदानी वळण’ म्हणत आले.

आईला पाहायला मंडळी गेली तेव्हा तिने डोक्यावरचा पदर दोन बोटांनी हनुवटीशी धरला होता, आणि पाहुणे उठेपर्यंत ती बोटं तिथून हलली नाहीत. माझी आजी त्यावरच भाळली. मुलीचं शिक्षण, उंची, रंग, सगळं मागे पडलं. पुढे कराडच्या पंचक्रोशीत आमची जिथे जिथे सोयरीक होती, तिथे तिथे आजीने त्या पदराचे पोवाडे गायले. नव्या सुनांना आईसमोर आणून बसवायचे, ‘वैजयंताकडे बघा जरा’ म्हणून. माझ्या वहिनीने तर लग्नानंतरची पहिली दिवाळी याच एका गोष्टीवरून बोलणी खाण्यात काढली.

पोळ्या लाटताना आईचे दोन्ही हात गुंतलेले असत. तेव्हा तिची मान हळूहळू डाव्या खांद्याकडे वळत जायची आणि ती मध्येच लाटणं ठेवून पिठाचं बोट गालाला लावायची. आईच्या गालावरचं पीठ आम्हा भावंडांच्या इतकं सवयीचं होतं की ते का लागतं, हे विचारावंसं कधी वाटलंच नाही. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. ‘का’ विचारा, ‘का’ विचारा म्हणून वर्गात घसा फोडते. घरात मात्र ठोंबी!

शेवटी आई जिन्यावरून पडली. मान वळलेली, दोन्ही हातांत पाण्याने भरलेली बादली, खालची पायरी दिसलीच नाही. गुडघा फुटला तो गावच्या डॉक्टरांनी शिवला. मान का वळली हे काही त्यांना सांगता येईना. मग मी तिला मिरजेला मेंदूच्या तज्ज्ञ डॉक्टर मुजावर यांच्याकडे नेलं. बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आईकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, “काकू, पदर सोडा बरं हातातला.”

आईने सोडला. मान वळली.

“आता एक बोट गालाला लावा.”

मान सरळ झाली. डॉक्टरांनी हे तीनदा करायला लावलं. मग विचारलं, “कधीपासून आहे हे?”

“लग्नाआधीपासनं. बोट लावलं की बरं वाटतं, म्हणून लावते.”

“घरी कुणाला सांगितलं नाहीत?”

“काय सांगायचं? सगळे चांगलंच म्हणत होते.” आईने पदर पुन्हा हनुवटीशी नेला. “मी लाजाळू न्हवते हो. बोलायला लागले की मान जास्तीच ओढायची. म्हणून गप बसायचे.”

मला तिथेच, त्या खोलीत, सगळ्या जगाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

या आजाराला डिस्टोनिया म्हणतात. हालचाल करायची तर मेंदूने नुसतं ‘हल’ म्हणून भागत नाही. मेंदूच्या वरच्या बाजूला मोटर कॉर्टेक्स नावाचा एक पट्टा आहे. शरीराचा जो भाग हलवायचा, त्याच्या पेशी तिथे जाग्या होतात, आणि त्याच क्षणी शेजारच्या पेशींना ‘तुम्ही थांबा’ असा हुकूम जातो. या दुसऱ्या हुकुमाला निरोध म्हणतात. तो देणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांचं रसायनही वेगळं. वर्गात एका मुलाला प्रश्न विचारावा आणि बाकीच्यांनी तोंड मिटून बसावं, तसं हे आहे. डिस्टोनियात हे तोंड मिटवणंच दुबळं पडतं. मानेचा एक स्नायू हलवायला जावं, तर चार शेजारी न बोलावता उठतात आणि मान पिळून धरतात. मेंदूच्या तळाशी असलेले पेशींचे पुंजके आणि मागचा लहान मेंदू यांचाही यात हात असतो. सगळं कोडं अजून सुटलेलं नाही, हेही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

त्यांनी आईच्या डोक्याजवळ एक कडं धरून चुंबकीय ठोके दिले. मोठा ठोका दिला की हाताचं बोट उडतं. त्याच्या किंचित आधी एक हलका ठोका दिला तर निरोध जागा होतो आणि बोट कमी उडायला हवं. तुलनेसाठी माझ्यावरही तेच केलं. माझं बोट कमी उडालं. आईचं होतं तितकंच उडालं.

“मग पदराचं काय?” मी विचारलं.

“स्पर्शाची बातमी पोचली की मेंदूचा बिघडलेला तोल तेवढ्यापुरता सावरतो,” डॉक्टर म्हणाल्या. “पुष्कळ रुग्ण ही युक्ती आपली आपण शोधतात. कुणी मानेमागे हात धरतं, कुणी भिंतीला डोकं टेकतं. तुमच्या आईंनी पदर धरला.”

आणि पदर धरला म्हणून बाईला कुणी आजारी म्हणत नाही, कुलीन म्हणतात. हे डॉक्टर बोलल्या नाहीत, मी बोलले, आणि जरा मोठ्यानेच बोलले.

त्याच वर्षी ‘स्थिरा’ नावाची पट्टी बाजारात आली होती. एका कानामागून दुसऱ्या कानामागे, केसांखाली बसणारी. ती अतिशय बारीक ध्वनिलहरी कवटीतून आत सोडते आणि त्या थांबवणाऱ्या पेशींना बळ देते. किती बळ द्यायचं याचा आकडा शून्यापासून दहापर्यंत, फोनवरून ठरवायचा. आईला चार आकडा लागू पडला. “थकवा आला, ताप आला, तर अर्ध्या आकड्याने वरखाली करावं लागेल,” डॉक्टरांनी बजावलं. “पण फार वर नेऊ नका. मग शेजाऱ्यांबरोबर ज्याला प्रश्न विचारलाय तोही गप्प बसतो. हातपाय मंदावतील. बोलणंही मंदावेल, कारण ओठ-जिभेच्या पेशी तिथेच जवळ आहेत.”

आता कंपनीचा नियम ऐका. साठीच्या पुढच्या रुग्णाने आपला आकडा आपण बदलायचा नाही. घरातलं कुणीतरी ‘पालक’ म्हणून नेमायचं आणि आकडा त्याच्या फोनवर राहणार. का, तर म्हातारी माणसं गोंधळतात. आई पासष्टची होती. दोन मुलं तिने वाढवली, सासूसासऱ्यांचं तिने केलं, वडील गेल्यावर ऊसतोडीपासून पाणीपाळीपर्यंत सगळी शेती तिने पाहिली. आणि तिला पालक! पण त्या वेळी सरळ झालेल्या मानेच्या आनंदात कुणाचं त्याकडे लक्ष गेलं नाही. मी कराडात राहते, आई गावी दादाकडे. साहजिकच दादा पालक झाला.

माझा भाऊ अभयसिंह वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर गोष्ट फार सोपी होईल. तो आईला गरम पाणी स्वतः नेऊन देतो. आमच्या घरात आईला अहोजाहो करतात, ते त्याने जन्मात कधी सोडलं नाही.

मान सरळ झाली आणि आई माणसांच्या तोंडाकडे बघून बोलू लागली. किती बोलली! तिला इतकी मतं होती हे आम्हाला कुठे माहीत होतं? वहिनीच्या आमटीत गूळ जास्त पडतो इथपासून गावच्या सरपंचाला रस्त्यातलं काही कळत नाही इथपर्यंत. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, “मला गाडी शिकायची.”

“आई, आता गाड्या आपोआप चालतात,” दादा म्हणाला. “बसायचं, गावाचं नाव सांगायचं. तुम्ही शिकून काय करणार?”

“बसून न्यायला मी काय उसाची मोळी आहे?”

दादाची मुलगी सई ठसका लागेपर्यंत हसली. तिनेच आजीला शिकवलं, घरच्या जुन्या, हाताने चालवायच्या गाडीवर. आई झपाट्याने शिकली. मागे बघून गाडी वळवताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. ज्या मानेने जन्मभर तिला छळलं, ती मान आता तिला हवी तेव्हा, हवी तिकडे वळत होती. एकदा तर ती एकटी कराडला माझ्या दारात गाडी घेऊन आली, आणि चहा न घेता, नुसती मला दाखवून परत गेली.

मग महिन्याभरात कुठेतरी बिनसलं. आई मंदावली. फोनवर बोलताना शब्द सावकाश येऊ लागले. वहिनी म्हणाली, भाजी निवडायला दुपार लागते. आणि एका सकाळी अंगणात गाडी वळवताना आईने दादाच्या मोटरसायकलला धडक दिली. मोटरसायकल आडवी झाली, आईला खरचटलंही नाही. कळताच मी कराडहून धावत गेले तर ती ओसरीवर बसली होती.

“मी ब्रेकवर पाय ठेवायला गेले होते गं,” ती म्हणाली. “पाय उशिरा पोचला.”

“वय झालं, आई,” दादा मायेने म्हणाला. “आता राहू द्या.”

आईने किल्ली त्याच्या हातात दिली. “वय झालं असंल,” म्हणाली. तिचा त्यावर विश्वास बसला होता. माझाही बसला. एका प्राध्यापक बाईला आईचा पाय ‘उशिरा पोचला’ म्हणजे काय हे कळू नये, याचा संताप आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढच्या रविवारी सईला पाहायला फलटणकडची मंडळी येणार होती. सई आर्किटेक्चर शिकत होती, शेवटची दोन वर्षं राहिली होती. तिला हे स्थळ नकोच होतं, पण दादाने शब्द दिलेला. मलाही बोलावलं. आई त्या दिवशी बरी दिसत होती, तरतरीत. दादाने मुद्दामच आकडा खाली आणून ठेवला असावा, पाहुण्यांसमोर आई नीट दिसायला हवी ना! ती बैठकीत खुर्चीवर येऊन बसली. चहा झाला. लाडवांचं ताट घेऊन आई मुलाच्या आईकडे वळली, तेव्हा त्या बाई म्हणत होत्या, “शिक्षण काय, लग्नानंतर बघता येईल. नाहीतरी आमच्याकडे नोकरी कुठं करायचीय!”

“सईला विचारलं का कुणी?” आई म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तिला शिकायचंय. मी तिची आजी आहे, मी सांगते. आधी ती...”

माझी खुर्ची दादाच्या शेजारी होती. त्याने मांडीवरचा फोन उलटा धरला होता, तो सुलटा केला. अंगठा काचेवरून वर सरकला, एवढंच. चेहरा हसराच.

“आधी ती... शि... शिक्षण...” आईचे ओठ जागच्या जागी राहिले. ताट धरलेला हात हवेत थांबला. डोळे मात्र जागे होते, लख्ख जागे, ते सईवर खिळलेले. शब्द तिच्या डोळ्यांत दिसत होता आणि तोंडापर्यंत येत नव्हता.

“वयोमानाने होतं असं,” मुलाची आई समजूतदारपणे म्हणाली आणि तिने ताटातून लाडू उचलला.

“आईंना विश्रांती हवी,” दादा म्हणाला.

मी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला. पाहुण्यांसमोर, होय. काचेवर आईचं नाव होतं, आणि नावाखाली सात.

पुढे काय झालं ते सांगायला नको. मंडळी लाडू तसेच टाकून निघून गेली. मी आकडा चारवर आणला. आईचा हात हळूहळू खाली आला, ताट तिच्या मांडीवर टेकलं, आणि मग तिने अर्धं राहिलेलं वाक्य, समोर कुणी पाहुणा नसताना, पूर्ण केलं. “आधी ती शिक्षण पुरं करील.”

“दादा, तू हे काय केलंस?”

“काय केलं? विष दिलं का मी?” दादा तापला. “डॉक्टरच म्हणालेत, वरखाली करा. चारचौघांत आमची अब्रू जाईल असं बोलतात त्या. जरा शांत होतात, त्यांनाही बरं पडतं. रक्तदाब वाढत नाही. यशू, तू शनिवार-रविवारची पाहुणी. रोज मला निस्तरावं लागतं.”

“मोटरसायकलच्या दिवशी किती होतं?”

सईनेच पुन्हा विचारलं, “पप्पा, किती होतं?”

“सहा. आदल्या दिवशी माझ्याशी वाद घालत होत्या, म्हणून थोडं... परत खाली आणायचं राहून गेलं.”

राहून गेलं! दिव्याचं बटण बंद करायचं राहून जातं, तसं. त्या मोटरसायकलच्या जागी एखादं माणूस असतं तर? आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू? आईचा पाय उशिरा पोचवून, त्याच आईला वय झालं म्हणून समजावणाऱ्या त्याच्या आवाजात खरी माया होती. तो खोटं बोलत नव्हता. आकडा वरच राहिलाय हे त्याच्या ध्यानातच नव्हतं, त्याला खरोखर वाटत होतं की आई वयाने मंदावली. आजीनेही आजाराला वळण म्हटलं तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. आमच्या घरात बाईला गप्प बसवून वर तिचंच कौतुक करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या अशीच प्रामाणिक निघतात, त्यांना धरायचं तरी कुठे?

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. आई, मी, सई. दादालाही ओढून नेलं. डॉक्टर मुजावरांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. “पालक बदलता येतो,” त्या म्हणाल्या, “पण आत्ताच्या पालकाची संमती लागते.” त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. पती, मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, इतर नातेवाईक. ज्यांच्या हाती आईचा आकडा जाऊ शकतो, त्या सगळ्यांची नाती तिथे होती.

“आणि रुग्ण?” मी विचारलं.

“साठीपुढे रुग्ण नाही. मी कंपनीला दोनदा कळवलंय. सुरक्षिततेचा प्रश्न आहे म्हणतात.”

“कुणाच्या सुरक्षिततेचा? जिचं डोकं, ती ‘इतर’मध्येसुद्धा नाही?” मी एवढ्याने ओरडले की बाहेर रांगेत बसलेला माणूस दार उघडून डोकावला. “जावई चालतो! ज्याने जन्मात सासूशी चार वाक्यं बोललेली नाहीत, तो जावई चालतो!”

दादाने संमती दिली. सई त्याच्याशी आदल्या दिवसापासून बोलत नव्हती, त्याचा परिणाम असेल, किंवा खरंच काही टोचलं असेल. त्याने अंगठा टेकवला आणि गाडीत जाऊन बसला. माझा फोन वाजला. काचेवर आईचं नाव आलं, आणि नावाखाली चार.

मी जिंकले होते. खोटं कशाला बोलू, मला तसंच वाटलं. मी आईच्या शेजारी खुर्ची ओढली, फोन तिच्यासमोर धरला आणि म्हणाले, “आई, आता कुणी हात लावणार नाही. तुम्हीच सांगा, किती ठेवू?”

आईने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात केसांत घालून तिने पट्टी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“ही तुमच्याकडं असू द्या, बाई. माझा आकडा माझ्या हातात येईल त्या दिवशी बोलवा. मी येते.”

“काकू, मान पुन्हा वळेल,” डॉक्टर म्हणाल्या.

“वळू द्या. वळली तरी तोंड माझं राहील. त्या कंपनीला भेटायचं कुठं, तेवढं सांगा. मला स्वतः बोलायचंय त्यांच्याशी.”

सईने लगेच पत्ता शोधायला घेतला. मी मात्र दुखावले होते. आईची मान डाव्या खांद्याकडे सरकू लागली होती, ते मला बघवत नव्हतं, आणि त्याहून जास्त मला बोचत होतं की ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

“आई, आता माझ्याकडे आहे ना!” मी म्हणाले. “मी रोज विचारून ठेवीन. मी काय दादासारखी आहे का?”

मान तशी ओढलेली असतानाच तिने माझा हात हातात घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता.

“यशू, पहिले पंधरा दिवस तोही रोज सकाळी मला विचारूनच ठेवायचा.”